गंगेकाठच्या पाच गावांचा सांगावा

निघायचं कारण

आमची रेतवाडी गंगेच्या काठावर आहे. कागदावर गोदावरी लिहितात, आम्ही गंगा म्हणतो. गावात विहीर एकच, तीही मचूळ, तिच्या पाण्यात डाळ शिजत नाही. म्हणून सगळं गाव गंगेचं पाणी पितं. परसाली चैत्रात पटकी आली, दवाखान्यात कॉलरा म्हणतात ती. माझी बायको गया सकाळी भाकरी थापत होती आणि दिवस मावळायच्या आत आम्ही तिला पोचवून आलो. याच्यापेक्षा जास्त मला त्या दिवसाचं लिहिता येत नाही.

पटकी वरून आली, उंबरठाणहून. ते गाव नदीला आमच्या वर, मधे तीन गावं. आमच्या मुलखात पटकी आली की मरीआईचा लहानसा लाकडी गाडा करतात, त्यात देवी बसवतात, हिरवी चोळी, नारळ ठेवतात आणि हलगी वाजवत पुढच्या गावाच्या शिवेत नेऊन सोडतात. गाडा गेला म्हणजे रोग गेला. पुढचं गाव तो घेत नाही. चैत्र लागला की शिवेवर पाळीनं माणसं बसतात, गोफणी घेऊन. परसाली उंबरठाणची हलगी वाजत आली तेव्हा पाळी माझी होती. आम्ही हलगी परत पिटाळली. तरी तिसऱ्या दिवशी गावात पहिलं माणूस आडवं झालं.

माझं म्हणणं एवढंच होतं. गाडा धाडायला उंबरठाणच्या पाटलाला माणसं मिळाली. पण 'आमच्याकडं आजार आहे, गंगेचं पाणी पिऊ नका' हे सांगायला एक माणूस मिळाला नाही. हे त्याला तोंडावर विचारायचं होतं. या प्रवासाला मी त्यासाठी निघालो, दुसरं काही मनात नव्हतं. बाकी जे झालं ते वाटेत झालं, आणि ते इतकं झालं की जे आले नाहीत त्यांना सांगावंसं वाटतं. मी पंतोजीकडे दोन वर्षं बाराखडी घोटलेला माणूस. काना-मात्रा गावच्या शाळेतल्या मास्तरांनी बघितल्या आहेत, बोलणं माझं आहे.

झालं असं. फाल्गुनात पाथरीच्या सरकारी दवाखान्याचे डॉक्टर हमीद साहेब गावात आले. वयानं माझ्या धाकट्या पोरासारखे, हैदराबादचे, बारीक अंगाचे, डोक्यावर टोप. ते म्हणाले, "हैजा आये बाद दौड़ते सब. मैं पहले जाने वाला हूँ. पाँच गाँवां, सब बावड़ियाँ नापना, सब इंतजाम लिख के रखना. बावड़ी का जानकार आदमी होना."

आपण म्हणतो की तहान लागल्यावर विहीर खणू नये, आणि दरसाली तेच करतो. मी जन्मभर विहिरी खोदल्या. लोकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी विचारलं, "उंबरठाणला जाणार का?"

"हौ. आखरी गाँव वोच."

मी दोर खांद्यावर घेतला.

मानवत रोड ते परभणी, व्हाया पिंगळी

आधी परभणीहून औषधं आणायची होती. पाथरीहून बैलांच्या दमणीत बसून मानवत रोडला आलो. आगगाडी मी लांबून बघितली होती, आत कधी बसलो नव्हतो. साठी उलटलेला माणूस मी, पण छाती अशी धडधडायला लागली की डॉक्टरांनी नाडी बघितली.

डॉक्टर वरच्या वर्गात बसले, मी खालच्या. डब्याची पायरी चढताना मी चपला काढून ठेवल्या. इतक्या मोठ्या, चकचकीत वस्तूत शिरायचं तर पायात चपला कशा ठेवायच्या? गाडी सुटली तेव्हा चपला फलाटावर होत्या, एकीला एक लावून, नीट. समोरचा एक मुसलमान म्हातारा हसून हसून खोकायला लागला. "चाचा, रेल है, दर्गाह नहीं." मीही हसलो. गया गेल्यापासून मी हसलो तो तिथं पहिल्यांदा, आणि हसल्याचं माझं मलाच वाईट वाटलं.

खिडकीतून रब्बीची ज्वारी काढलेली काळी रानं पळत होती. पळस असा फुलला होता की रानात जागोजागी कुणी शेकोटी पेटवलीय असं वाटावं. मी त्या बाजूला असा चिकटलो की फलाट दुसऱ्या बाजूला आला, माणसं उतरली, चढली आणि गाडी सुटली, तरी मला पत्ता नाही. म्हाताऱ्यालाही डुलकी लागली होती. पुढच्या ठेसनावर पाटी वाचली: पिंगळी. परभणी मागं राहिली.

अनवाणी, रुळाच्या कडेकडेनं परत चालत निघालो. खडी पायाला टोचत होती. वाटेत रूळ बघणाऱ्या कामगाराची खोपी लागली. त्याच्या बायकोनं न विचारता भाकरी आणि अंबाडीची भाजी पुढं केली, वर करडईच्या तेलाची धार. म्हणाली, "परभणीत न्हाई उतरला जनू. हप्त्याला एक तरी येतोच." म्हणजे मी काही पहिला नव्हतो.

परभणीला पोचलो तर डॉक्टर ठेसनाबाहेर टोप हातात घेऊन येरझारा घालायलेत. रागावतील वाटलं. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि आधी मला चपलांच्या दुकानात नेलं.

परभणीत दोन दिवस राहिलो. मोंढ्याचा बाजार बघितला, कचेऱ्या बघितल्या. पण डोळ्यापुढून जात नाही ते औषध. काळी-जांभळी बारीक खडी, पारव्याच्या मानेसारखी चमकणारी. डॉक्टरांनी एकच कण पाण्यात सोडला आणि आख्खं घंगाळ गुलाबी झालं, रंगपंचमीसारखं. मी पुन्हा करून दाखवायला लावलं, आणि मग अजून एकदा. दुसरी पांढरी भुकटी होती, तिच्या वासानं डोळ्यांत पाणी येई. आणि सुई. डॉक्टर म्हणाले, गावात लोकांना टोचायचं तर आधी तुम्ही टोचून घ्या. दंड भोपळ्याएवढा सुजला आणि रात्रभर ताप आला. सकाळी डॉक्टर खुशीत. "ताप आया? अच्छा है. अब गाँवों में हात दिखाना."

जेवण एका वाण्याच्या खानावळीत. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म असलेला माणूस. त्याच्याकडे एक रीत बघितली. रांजणात तांब्या कुणालाच बुडवू देत नव्हता. लांब दांड्याची पळी घेऊन तो स्वतः पाणी काढी आणि वरून धार धरी. आमच्याकडे रांजणात सगळ्यांचे तांबे, आणि तांब्याबरोबर बोटंही. मी डॉक्टरांना म्हणालो, "ह्यो सोवळं पाळतो का औषध?"

"दोनों," ते म्हणाले, आणि वहीत लिहिलं: लांब पळी, दर विहिरीला एक, काढणारा माणूस एकच.

केवडगाव

आता नदीच्या काठानं वर. केवडगाव आमच्या वरचं पहिलं गाव, आणि माझी सासुरवाड. गंगा चैत्राच्या तोंडाला बारीक झालेली, पात्रात वाळूवर टरबुजांचे वाफे. विहिरी मोजायची माझी रीत अशी: दोराला हाता-हातावर गाठी, टोकाला दगड. मी गाठी मोजून ओरडायचो, डॉक्टर लिहायचे. मग हिशोब करून दर विहिरीला किती औषध ते कागदाच्या पुडीत बांधायचं, वर विहिरीचं नाव, आणि डबा पाटलाकडे ठेवायचा. आजार आला की शोधाशोध नाही, पुडी फोडायची.

विहिरीवर माझा मेव्हणा सखाराम उभा होता. गयाचा पाठचा भाऊ. तीस वर्षं तो दर पंचमीला, दर दिवाळीला आमच्या दारात मुराळी म्हणून आला, बहिणीला माहेरी न्यायला. येताना धपाट्यांची शिदोरी, जाताना पुढं तो, मागं ती, आणि दोघांची बडबड शिवेपर्यंत ऐकू यायची. आता तो माझ्याकडे न बघता दोराकडे बघत होता.

"राम राम, सखाराम."

"राम राम." मग म्हणाला, "दाजी, आक्का गेली ते मला कवा कळालं, ध्यानात हाय का?"

मला ध्यानात होतं. तिसऱ्या दिवशी. गाव आडवं पडलं होतं, सांगायला जाणार कोण?

"दीड कोसावर ऱ्हातो मी. तोंड बघाया मिळालं न्हाई." एवढं बोलून तो निघून गेला. माझ्या हातातल्या गाठी चुकल्या, विहीर पुन्हा मोजावी लागली.

लोणधार

इथं फजिती झाली, आणि ती सांगितलीच पाहिजे.

लोणधारच्या विहिरीत डॉक्टरांनी लोकांना दाखवायला म्हणून लाल औषध सोडलं. आम्ही जेवायला गेलो. तासाभरानं हळदी-कुंकवाची ताटं घेऊन गावच्या बायका विहिरीकडं निघालेल्या. विहिरीचं पाणी लाल झालं म्हणजे मरीआईनं पाय धुतले, पाण्यात कुंकू उतरलं, असं कुणीतरी म्हणालं आणि गावभर झालं. आम्ही पळत गेलो तोवर दहीभाताचे गोळे, नारळ, लिंबं, सगळं विहिरीत. पायरीवर एक म्हातारी पदर पसरून म्हणत होती, "माय, पाय लावलास, आता कोप करू नको."

डॉक्टर काठावर बसले. टोप मांडीवर. "बाबा, साफ किये सो बावड़ी में भात डाल दिये."

मी धोतर खोचलं आणि उतरलो. या वयात चार परस खोल विहिरीत उतरून टोपलीत भात गोळा करणारा माणूस मी एकटाच असेन. वर आलो तेव्हा म्हातारी म्हणाली, "देवीचा निवद काढलास. तुझं चांगलं व्हनार न्हाई."

"व्हायचं ते परसालीच झालं, आजी," मी म्हणालो. "माजी बाईल पटकीनं गेली. देवी इथं आली असंल तर मी तिला एकच मागतो. भात नासतो, नासल्या पाण्यानं माणूस मरतं. निवद काठावर ठेवा. देवी पायऱ्या चढून वर येईल, तिला काय झालंय?"

मग म्हातारीनंच बाकीच्या बायकांना ओरडून सांगितलं, आजपासून निवद काठावर. डॉक्टरांनी विचारलं, काय सांगितलं तुम्ही? मी म्हणालो, तुमचंच सांगितलं, जरा वळवून.

त्या संध्याकाळी सुई टोचून घ्यायला पहिली तीच म्हातारी आली, आणि टोचताना डॉक्टरांना तिनं अशा शिव्या दिल्या की त्यांनी त्यांचे अर्थ मला विचारले. मी सांगितले नाहीत.

शिरसपुरी

शिरसपुरीत भाजल्या डाळी-मसाल्याच्या येसरची आमटी मिळाली, त्यावरून बोट उचलवेना. आमच्याकडे येसर सणाला, यांच्याकडे रोज. पाटलानं गावाबाहेरचा कापसाचा कोठा आजाऱ्यांसाठी मोकळा करून द्यायचं कबूल केलं. असा एक कोठा दर गावात हवा होता. डॉक्टर पाखरासारखे नाचायला लागले. मीही नाचायच्या बेतात होतो. खरं सांगतो, तोवर मी उंबरठाण विसरायला लागलो होतो. सकाळी उठलो की दोर कुठाय, पुड्या कुठायत, किती विहिरी राहिल्या, हेच डोक्यात. वर्षभर मी ओसरीवर नुसता बसून होतो, त्याची भरपाई चालली होती.

उंबरठाण

तरी गाव दिसल्यावर दात आवळले. चावडीवर पाटील बसले होते. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे, एक डोळा गेलेला. डॉक्टर रामराम करतात न करतात तोच मी विचारलं.

"पाटील, मी रेतवाडीचा किसन. परसाली तुमी गाडा धाडला. सांगावा का न्हाई धाडला?"

पाटील म्हणाले, "गाडा आमी धाडलाच न्हाई. गाडा करायला सुतार उठून बसलेला पायजे ना. सांगावा धाडला हुता. चारी गावाला. येशीवरचा येसकर भागूजी गेला हुता." आणि त्यांनी माणूस पाठवून भागूजीला बोलावलं.

भागूजी आला आणि चावडीच्या खाली उभा राहिला. पन्नाशीचा, उंच, काटक. उजव्या भुवईच्या वर भला मोठा वण होता, कातडं ओढलं गेलेलं.

पाटील म्हणाले, "सांग ह्यास्नी."

"तीन गावाला सांगितलं," भागूजी म्हणाला. "सांगावा म्हनल्यावर हलगी वाजवतच जायाचं, ती आमची रीतच हाय. त्या तीन गावानं लांबून का हुईना, ऐकून घेतलं. रेतवाडीच्या शिवेला पोचलो, तोंड उघडायच्या आत गोफण सुटली. दगड हितं लागला. पडलो, उठलो, माघारी आलो. रगत डोळ्यात चाललं हुतं, कोन हुतं ते दिसलं न्हाई."

मला दिसलं होतं. लांबून माणूस दिसला नव्हता, हलगी दिसली होती. त्या दिवशी शिवेवर गोफणी चौघांकडे होत्या, पण एवढ्या लांब दगड माझाच जातो. त्या नेमाबद्दल मला दोन दिवस गावात शाबासकी मिळाली होती. तिसऱ्या दिवशी पटकी आली.

मी म्हणालो, "दगड माजा हुता."

भागूजीनं माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाला, "नेम चांगला हाय बाबा तुमचा." आणि वळून गेला.

डॉक्टरांनी त्या दिवशी विहिरी स्वतः मोजल्या. मी चावडीमागच्या लिंबाखाली बसून राहिलो. पाटलाला विचारायला आलो होतो, उत्तर माझ्याजवळच होतं. दुपार कलल्यावर उठलो आणि गावकुसाबाहेर भागूजीच्या घरी गेलो. तो दोर वळत होता. मी त्याच्या ओट्यावर बसलो.

"पानी दे."

"आमच्या घरचं?"

"तहान लागलीय."

त्याच्या बायकोनं तांब्या आणून दिला. मी प्यालो. आमच्या माणसांनी हे वाचून काय म्हणायचं ते म्हणावं. ती म्हणाली, "उकळून गार केल्यालं हाय. डाक्टरसायेब सकाळी सांगून गेले."

"माजी बायको गेली त्या आजारात," मी भागूजीला म्हणालो. "तुजं ऐकलं असतं तर राहिली असती का, मला ठावं न्हाई. पर ऐकलं न्हाई."

त्यानं दोर वळणं थांबवलं नाही. "तुमच्या डाक्टरच्या वहीत आमचा झिरा हाय का? वाळूत उकरल्याला. आमी त्याचंच पितो." वहीत नव्हता. गावच्या विहिरी किती असं आम्ही चारही गावांत पाटलांनाच विचारलं होतं, आणि पाटलांनी गावकुसाच्या आतल्याच सांगितल्या होत्या. "मग वही अर्धीच हाय," तो म्हणाला.

डॉक्टर मागून आले होते, त्यांनी ते ऐकलं. ते तिथंच ओट्यावर बसले आणि वही उघडली. झिरा लिहिला. मग म्हणाले, परत जाताना चारी गावांचे झिरे मोजू. आणि विचारलं, "भागूजी, अब सांगावा कैसा भेजना? हलगी बजी तो पत्थर आते. हलगी नहीं बजी तो आनेवाला चोर."

भागूजी हसला. पहिल्यांदाच. "सायेब, मला दगड बसला. मुराळ्याला कोन घालतंय का? दुपारी येऊ दे, पटकीत येऊ दे. बहिणीला न्यायला आल्याला माणूस कोन्या गावानं शिवेवर अडवलाय?"

डॉक्टरांना मुराळी म्हणजे काय ते मला समजावून सांगावं लागलं. भाऊ किंवा बाप, सासरच्या लेकीला माहेरी न्यायला येतो. त्याला कुणी थांबवत नाही, तो सरळ तिच्या उंबऱ्यापर्यंत जातो, आणि त्याचं ऐकायला घरातली बाई दारात उभी असते. बाईला कळलं की पाणवठ्याला कळलं. डॉक्टर उठून उभे राहिले, ओट्यावरून खाली उतरले, परत चढले. मग म्हणाले, "बाबा, ये लिख के मैं हैदराबाद को भेजूँगा."

परत खाली

ठरलं असं. दर गावात असा एक माणूस नेमायचा ज्याची लेक किंवा बहीण खालच्या गावात दिलीय. उंबरठाणला आजार दिसला की तो निघेल, लेकीच्या दारात सांगेल, त्या गावचा नेमलेला पुढं निघेल. सांगावाही ठरला: 'उंबरठाणला आजार. गंगा बंद. पुडी फोडा. कोठा झाडा. पाथरीला माणूस धाडा.' आणि चैत्रात एक दिवस, कुणालाही आधी न सांगता, डॉक्टर हा सांगावा खोटाच सोडणार, बघायला की खाली पोचतो का. शेवटी म्हणायचं, 'तालमीचं हाय, पर खरं समजा.'

आम्ही तीच गावं उलटी घेतली, झिरे मोजत, सोयरिकी विचारत. असलं मजेचं हिंडणं मी जन्मात केलं नव्हतं. उंबरठाणच्या लेकी शिरसपुरीत ढीगभर. शिरसपुरी आणि लोणधारचं बांधावरून जुनं वैर, दोन पिढ्या सोयरीक नाही. सगळं गाव डोकं खाजवायला लागलं, तेव्हा एक सत्तरीचा म्हातारा काठी टेकत पुढं आला. "माजी बहीण हाय लोनधारात. वैराच्या आदी दिल्याली." लोणधारला जाऊन बघितलं, तर ती बहीण म्हणजे दहीभातवाली म्हातारी. भावाचा निरोप दिला तर म्हणाली, "यिऊ दे मुडद्याला. चाळीस वर्षं आला न्हाई, आता पटकी घिऊन यायलाय." पण पुढं तो आला त्या दिवशी तिनं त्याच्यासाठी पुरण घातलं.

लोणधार ते केवडगाव, माणसं मिळाली. केवडगाव ते रेतवाडी उरलं. चावडीत विचारलं, रेतवाडीत दिलेली लेक कुणाची? सगळे सखारामकडे बघायला लागले.

सखाराम म्हणाला, "एकच हुती."

डॉक्टरांना कळलं नाही, मी त्यांना हळू सांगितलं. ते म्हणाले, दूसरी कोई? दुसरी नव्हती. आणि रेतवाडीच तेवढी गंगेचं पाणी पिते, पाचांत एकटी. वरच्या चार गावांनी सगळं नीट केलं आणि इथं तुटलं, तर पुन्हा परसाल होणार.

मी सखारामला बाहेर नेलं. उंबरठाणला जे कळलं ते सगळं सांगितलं, गोफण, भागूजीची भुवई, तिसरा दिवस. वाटलं, अंगावर येईल. आला असता तर बरं झालं असतं. तो पायरीवर बसला, आणि मातीत काडीनं रेघा ओढत राहिला.

मी म्हणालो, "तू येशील का सांगावा घिऊन?"

"कुनाच्या दारात येऊ, दाजी?"

डॉक्टरांच्या कागदावर शेवटच्या ओळीत 'केवडगाव ते रेतवाडी' लिहिलं आणि पुढं कोरं राहिलं. तसाच कागद घेऊन आम्ही खाली आलो.

रेतवाडी

गावात आल्यावर मी विहीर मोजली, पुडी पाटलाकडे दिली, आजार असेल तेवढे दिवस मचूळ पाणी प्यायचं असं बायकांकडून कबूल करून घेतलं. गुरांच्या पांदीवरचा झिराही लिहिला. डॉक्टर पाथरीला गेले. मी मास्तरांकडून कागद आणला आणि हे लिहायला बसलो. रोज सकाळी वाटायचं, आज. डॉक्टर दिवस सांगणार नव्हतेच. मी ओसरीवरून शिवेकडं बघत राहायचो. सून म्हणाली, "मामंजी, तुमी तर नवरी बघाया पावनं येनार असल्यावानी करायलाव."

चैत्राच्या वद्य पक्षातली गोष्ट. दुपार टळत होती. मी याच कागदावर लोणधारच्या भाताचं लिहीत होतो. दारात सावली पडली. सखाराम उभा होता, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं. उंबऱ्याच्या आत आला नाही.

"दाजी," तो म्हणाला, "सांगावा घ्या. उंबरठाणला आजार. गंगा बंद. पुडी फोडा. कोठा झाडा. पाथरीला मानूस धाडा." दम खाल्ला. "तालमीचं हाय. पर खरं समजा."

मी उठलो आणि पळालो. खरंच पळालो, नव्या चपला ओसरीवर ठेवून. पुडी फुटली, विहीर गुलाबी झाली, नदीच्या वाटेवर बाभळीच्या काट्या आडव्या पडल्या, लांब पळी घेऊन एक जण विहिरीवर उभा राहिला, आणि आमची माणसं खऱ्या पटकीत करणार नाहीत इतकी धावपळ करायला लागली. एका बाईनं भरून आणलेल्या गंगेच्या दोन्ही घागरी रस्त्यात ओतल्या आणि वर मलाच विचारलं, "जमलं का?"

डॉक्टर सांगाव्याच्या मागोमाग दमणीनं आले. घड्याळ बघितलं, वाटेवरच्या काट्या बघितल्या, पुडीचा फाटका कागद बघितला. मला धरून गदागदा हलवलं. मी त्यांना हलवलं.

शिवेवर त्या दिवशी पाळी तुकारामची होती. तो गोफण कमरेला गुंडाळून गावात आला आणि म्हणाला, "म्या इचारलं, पावनं, कुनीकडं निगालाव? तर म्हनले, भैनीकडं. मला ठावं हुतं, गयाकाकू न्हाई. पर तसं म्हनल्यावर माजी काय जीभ उचलंना. वाट सोडली."

मग ओसरीवर डॉक्टरांनी कागद काढला आणि शेवटची ओळ भरायला बसले. केवडगाव ते रेतवाडी. माणूस: सखाराम. पुढच्या रकान्यात लिहायचं होतं, कुणाच्या घरी. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग सखारामकडे.

"लिहा सायेब," सखाराम म्हणाला. "गयाबाई."

डॉक्टरांनी लिहिलं.